गाविलगड: परसदाराने आत

आमचे गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात, पानपिंपळीच्या आणि विड्याच्या पानांच्या मळ्यांच्या पट्ट्यात आहे. घराच्या गच्चीवर उभे राहून उत्तरेला पाहिले की सातपुड्याची निळसर रांग आकाशाला टेकलेली दिसते, आणि त्या रांगेत गाविलगड नेमका कुठे, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. आबा, म्हणजे माझे वडील, सपाट माथ्याच्या एका ठळक डोंगराकडे बोट करून ‘तो पाहा गाविलगड’ असे मला लहानपणी सांगत आणि आता तितक्याच खात्रीने माझ्या मुलीला सांगतात. माझ्या धाकट्या चुलतभावाचा मळा गावाच्या उत्तरेला आहे आणि त्याच्या मते गड त्या डोंगराच्या पुष्कळ डावीकडे आहे. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षे इतिहास शिकवतो. 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तह आपल्याच सुर्जी-अंजनगावात झाला, हे दरवर्षी वर्गात अभिमानाने सांगतो. आणि त्या तहाच्या पंधराच दिवस आधी पडलेला गाविलगड मात्र मी महाविद्यालयात असताना एकदाच, तोही सहलीच्या बसमधून उतरून तासाभरात, उरकला होता. मुलगी नववीत गेल्यावर तिने हा हिशेब माझ्यासमोर मांडला आणि डिसेंबरातल्या एका रविवारी गड पाहायचा ठरला.

निघण्यापूर्वी तिने आणखी एक बेत केला. प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा नुकताच झालेला असल्यामुळे गडाच्या दक्षिण कड्यावरून आरशाने उन्हाची तिरीप गावाकडे टाकायची आणि आबांनी गच्चीवर बसून ती कुठून चमकते ते पाहायचे, असे आजोबा आणि नात यांच्यात परस्पर ठरले. घर आणि गड यांच्यात पंचवीसेक किलोमीटरचे अंतर असावे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे गडावरून दक्षिणेकडे तिरीप टाकणे सोपे जाईल, एवढे मी मास्तर म्हणून कबूल केले. दिसेल की नाही याबद्दल मात्र मला शंकाच होती. आईच्या कपाटातला, लाकडी चौकटीचा, वीतभर आरसा फडक्यात गुंडाळून पिशवीत गेला. त्याच पिशवीत ज्वारीच्या भाकरी, कोरडे बेसन, मिरचीचा ठेचा, डझनभर संत्री आणि पाण्याने भरलेल्या स्टीलच्या बाटल्या होत्या.

पहाटे साडेचारला चुलतभावाच्या गाडीने निघालो. पथ्रोट मागे पडले तेव्हा अंधारच होता, परतवाड्याला चहाच्या टपऱ्या नुकत्या पेटत होत्या आणि धामणगाव गढी सोडून घाट लागला तेव्हा उजाडले. वऱ्हाडच्या माणसाला घाटाची सवय नसते. आमच्याकडे रस्ता म्हणजे काळ्या मातीतून सरळ जाणारी रेघ. त्यामुळे तिसऱ्या वळणानंतर गाडीतल्या गप्पा थांबल्या आणि मुलीने काच खाली केली. बाहेरून आलेली हवा इतकी गार होती की चुलतभावाने एका हाताने गळ्यातला दुपट्टा डोक्याला गुंडाळला. वर मोथा लागले. हे गवळ्यांचे गाव आहे, आणि गाविलगड हे नाव गवळ्यांवरून आले असे मानतात. बहमनी सुलतान अहमदशहाने 1425 मध्ये दगडी किल्ला उभारला, त्याआधी इथे गवळी राजांचा मातीचा कोट होता अशी परंपरा सांगते. दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली समोरून घाट उतरू लागल्या होत्या. त्या पाहिल्यावर परंपरेवर विश्वास ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1118 मीटर उंच आहे. गावात न रेंगाळता आम्ही थेट मछली तलावाच्या बाजूने गडाकडे गेलो. गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतो, त्यामुळे वनखात्याच्या चौकीवर नोंद केल्याशिवाय आत जाता येत नाही. वहीत नावे, गाव आणि गाडीचा क्रमांक लिहून घेतल्यावर तिथल्या माणसाने पिशवी उघडायला सांगितली, प्लास्टिक किती आहे ते मोजले आणि आरसा पाहून विचारले, ‘हे कायले?’ मुलीने सगळा प्रयोग समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतले आणि सूर्य मावळायच्या पुष्कळ आधी परत आले पाहिजे, एवढेच बजावले. गडाचा विस्तार मोठा आहे आणि पावसाळ्यानंतर गवत कमरेच्या वर वाढलेले असते. म्हणून जवळच्या पाड्यातल्या एका कोरकू गृहस्थांना आम्ही वाट दाखवायला सोबत घेतले. वय पन्नाशीच्या आसपास, पायात रबरी चप्पल, हातात बांबूची काठी. मुलगी त्यांना लगेच मामा म्हणू लागली. पहिल्याच वळणावर त्यांनी तिला सांगितले की कोरकू भाषेत वाघाला ‘कुला’ म्हणतात आणि जंगलात असताना तो शब्द उगाच उच्चारायचा नसतो. मग अस्वलाला काय म्हणतात हे विचारण्याचे धाडस तिने केले नाही.

मुख्य दरवाजाकडे जाणाऱ्या या वाटेवरच मला पहिल्यांदा अडखळायला झाले, आणि ते दगडामुळे नव्हे. किल्ला म्हटला की चढ आलाच अशी माझी समजूत. इथे आम्ही चिखलदऱ्याच्या पठारावरून चालत होतो आणि तटबंदी समोर, जवळजवळ आमच्याच पातळीवर, दिसत होती. वाट थोडी उतरते, थोडी चढते, पण दम लागत नाही. डाव्या-उजव्या हाताला दऱ्या आहेत आणि मध्ये पठाराची एक चिंचोळी मान गडाला जाऊन मिळते. ‘बाबा, आपण किल्ला चढलोच नाही की!’ असे मुलगी म्हणाली तेव्हा माझ्या डोक्यात एकवीस वर्षे नुसत्या वाक्यात बसलेली घटना एकदम जागेवर येऊन बसली.

आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला, तो 29 नोव्हेंबर 1803 ची अडगावची लढाई जिंकून गाविलगडाकडे वळला तेव्हा गड नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांकडे होता. गडाची रचना अशी की आतला पूर्ण किल्ला दक्षिणेला, जिथे कडा सर्वांत उभा आहे, तिथे तोंड करून बसला आहे. त्याच्या उत्तरेला आणि वायव्येला बाहेरचा किल्ला आहे. आणि बाहेरच्या किल्ल्यापुढे, लबाडा गावाकडून येणारी उत्तरेची वाट अडवायला, तिसरा तट आहे. तीन बाजूंना निसर्गाने काम केले आणि जिथे त्याने हात आखडता घेतला तिथे माणसांनी भिंतीमागे भिंत घातली. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने अचलपूरकडून डोंगरातून सुमारे 30 मैलांची वाट फोडत, जड तोफा आणि सामान ओढत, लबाडा गाठले. 12 डिसेंबरच्या रात्री उत्तरेच्या तटासमोर मोर्चे उभे राहिले आणि 15 डिसेंबरला किल्ला पडला. आम्ही मोटारीने घाट चढून, वनखात्याच्या वहीत सही करून, आरामात चालत आलो होतो ती हीच बाजू. आज गाविलगडाला येणारा बहुतेक प्रत्येक पर्यटक वेढा घालणाऱ्यांच्या बाजूनेच येतो. घराच्या पुढच्या ओट्याला उंच जोते आणि भक्कम दार असावे आणि परसदार गोठ्यातून सरळ स्वयंपाकघरात उघडावे, तसा हा प्रकार आहे.

आबांचे मत वेगळे आहे. एवढा किल्ला तीन-चार दिवसांत पडतो तो फितुरीशिवाय पडत नाही, असे ते म्हणतात आणि आमच्याकडच्या पारावरही हेच ऐकू येते. मला वाटते, पडलेल्या प्रत्येक किल्ल्यासाठी एक फितूर शोधण्याची आपल्याला सवय झाली आहे. या मानेवर उभे राहून समोरचा तट पाहिला की फितुराची गरज उरत नाही. तोफा इथवर आणण्याची चिकाटी ज्याच्याकडे होती त्याच्यासाठी उरलेले काम भिंतीच्या जाडीएवढेच होते.

बाहेरचे दरवाजे ओलांडल्यावर गवतातून जाणारी पायवाट सुरू झाली. मामा पुढे काठी आपटत, मध्येच टाळी वाजवत चालत होते. ती टाळी आमच्यासाठी नव्हती. सागाची मोठाली पाने वाळून तांबडी झाली होती, सालईची झाडे निष्पर्ण होऊ लागली होती, आणि तटाच्या सांध्यांतून वडाच्या मुळ्यांनी दगड इतके पक्के धरले होते की झाड काढले तर भिंत पडेल आणि ठेवले तरीही एक दिवस पडेल, असे वाटत होते.

दिल्ली दरवाजाजवळ मामांनी तोंडावर बोट ठेवले. कमानीच्या वरच्या बाजूला आग्या मोहोळ लटकत होते, सुपाएवढे, काळपट, आणि नीट पाहिले की त्याच्या पृष्ठभागावरून मधूनमधून एक लाट सरकत जात होती. त्या मोहोळाच्या खाली, आवाज न करता, आम्ही मान वर करून जे शिल्प पाहिले ते मी आजवर छायाचित्रातच पाहिले होते. दोन डोक्यांचा गंडभेरुंड आणि त्याच्या पकडीत हत्ती. हत्ती इतके लहान कोरले आहेत की आधी ते डोळ्यांत भरतच नाहीत. आधी पक्ष्याची पसरलेली ऐट दिसते, मग त्याच्या नख्यांत काहीतरी आहे हे लक्षात येते, आणि मग सोंड दिसते. शेजारी सिंहासारखे पशू आहेत, त्यांचे चेहरे वाऱ्यापावसाने गुळगुळीत होऊन हसरे झाले आहेत. गंडभेरुंड हे विजयनगरच्या मुलुखातले चिन्ह. 1488 मध्ये गडाची दुरुस्ती करणारा आणि 1490 मध्ये वऱ्हाडची इमादशाही स्थापणारा फतहउल्ला इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरच्या राज्यातला, लहानपणी युद्धात पकडला जाऊन बहमनी चाकरीत वाढलेला. बालपणी पाहिलेला पक्षी त्याने आपल्या डोंगरावर आणून बसवला, असे म्हणण्याचा मोह होतो. इतिहासाच्या शिक्षकाने असा मोह आवरावा हे मला समजते. पण त्या कमानीखाली, मोहोळाच्या भीतीने श्वास रोखून उभे असताना, मला तो आवरला नाही.

बाहेरचा किल्ला आणि आतला किल्ला यांच्यामध्ये खोल घळ आहे. नकाशात ही घळ दोन रेघांमधली पांढरी जागा असते. प्रत्यक्षात तिच्या काठावर गेल्यावर चुलतभाऊ दोन पावले मागे सरकला. 15 डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून हल्लेखोर आत शिरले तेव्हा समोर ही घळ आणि पलीकडे पुन्हा तट आणि पुन्हा बंद दरवाजा. तिथे अडकलेल्या फौजेतून कॅप्टन कॅम्पबेलने 94व्या पलटणीच्या तुकडीसह घळीतून शिड्या लावून तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह आपल्या माणसांसह लढत इथेच मारला गेला. हे सांगताना मी हात करून बाजू दाखवत होतो, आणि मामा शांतपणे ऐकत होते. माझे झाल्यावर ते म्हणाले, ‘इथून बकऱ्या चढते गुरुजी. शिडी नाय लागत.’ मग त्यांनी काठीने घळीच्या पलीकडची एक तिरकी कपार दाखवली, जी मी बोलत असतानाही माझ्या डोळ्यांसमोरच होती.

आतल्या किल्ल्यात आम्ही तीन तास फिरलो आणि तेही पुरले नाहीत. देवतलाव काठोकाठ भरलेला होता, त्याच्या कडेच्या पायऱ्यांवर शेवाळ होते आणि पाण्यावर एक किंगफिशर, म्हणजे आमचा खंड्या, मधूनमधून सुई टोचावी तसा खाली येई. तलाव एकाच ठिकाणी नाहीत, गडभर विखुरलेले आहेत. डोंगरमाथ्यावर हजारो माणसे आणि जनावरे बारा महिने राहायची म्हणजे पाण्याचा हिशेब तटाच्या आधी करावा लागला असणार. मशीद उंचवट्यावर आहे. तिच्या कमानींची रांग दुरूनच दिसते, कोपऱ्यातल्या छत्रीची दगडी जाळी मात्र अगदी जवळ गेल्यावर, ऊन तिच्यातून आरपार येते तेव्हा, कळते. एका बुरुजावर लांबलचक तोफ नुसती आडवी पडली आहे. मुलीने तिच्या तोंडात हात घालून पाहिला आणि कोपरापर्यंत आत गेल्यावर पालीच्या भीतीने काढून घेतला.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. मशिदीच्या भिंतीवर खिळ्याने आणि चुन्याने कोरलेली नावे आहेत, जोडीने, बाणांसकट, वर्षासकट. सहा शतकांच्या दगडावर एवढी ओढ कशासाठी हे मला कळत नाही. त्यांतल्या एका नावापुढे गाव लिहिले होते आणि ते आमच्याच तालुक्यातले निघाले. चुलतभावाने खांदे उडवले. मी गप्प बसलो, कारण महाविद्यालयाच्या सहलीत आमच्यातल्याही दोघांनी हेच केले होते आणि त्या वेळी मी त्यांना दगड शोधून दिला होता.

साडेअकराला तलावाच्या काठी शिदोरी सोडली. मामांनी आपल्या पिशवीतून मोहाच्या पानात गुंडाळलेली कुटकीची भाकर काढली आणि आमच्या ठेच्याची चव घेऊन मान हलवली. संत्र्यांची साले आणि बिया आम्ही पिशवीत परत भरल्या. साल कुजते म्हणून टाकायला हरकत नाही असे चुलतभावाचे म्हणणे होते, पण माकडांनी साल पाहिली की पुढच्या माणसाची पिशवी ओढतात, असे मामा म्हणाल्यावर त्याने गुपचूप वेचली.

दक्षिण कड्यावर पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. आतापर्यंत पठार, गवत, पडके तट. आणि इथे अचानक जमीन संपते. खाली, थेट पायांखाली, वऱ्हाड. काळ्या वावरांचे तुकडे, तुरीचे पिवळे पट्टे, संत्र्याच्या बागांचे गडद चौकोन, शहानूर धरणाचे पत्र्यासारखे चमकणारे पाणी, आणि त्याच्या पलीकडे धूसर होत गेलेली, क्षितिज नसलेली, सपाटी. जन्मभर जो डोंगर खालून पाहिला त्याच्या माथ्यावरून आपले गाव पाहताना थोडे ओशाळल्यासारखे का वाटते, ते मला सांगता येत नाही. कड्याच्या कडेला वाकून पाहिले तर दक्षिण दरवाजाकडून खाली जाणारी वाट झाडीत हरवते. ती फक्त पायी माणसाच्या उपयोगाची. 12 डिसेंबरच्या त्याच रात्री वेलस्लीच्या स्वतःच्या माणसांनी या दक्षिण दरवाजाखाली मोर्चा बांधला, पण लोखंडी तोफा काही केल्या त्या चढावरून मोर्च्यात नेता आल्या नाहीत आणि ज्या पितळी तोफा नेल्या त्यांचा तटावर फारसा परिणाम झाला नाही. इथे उभे राहिल्यावर आबांच्या बाजूनेही बोलावेसे वाटते. खालून, आमच्या गावाकडून, आमच्या गच्चीवरून पाहणाऱ्याला हा किल्ला कधीच पडण्यासारखा दिसत नाही; फितुरीची गोष्ट खालच्या माणसांनीच रचली असली तर नवल नाही. पायथ्याशी देवगाव आहे. किल्ला पडल्यावर दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, तिथे भोसल्यांशी तह झाला. त्यात कटक आणि बालासोर इंग्रजांकडे गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाच्या पदरात पडले, आणि गाविलगड व नरनाळा हे दोन्ही किल्ले मात्र भोसल्यांकडे राहिले. मुलूख गेला आणि त्याच्या राखणीचे किल्ले हाती उरले, ही त्या तहातली गंमत मला वर्गात कधी नीट समजावता आली नव्हती. इथे ती नुसते बोट दाखवून समजावता आली, कारण गेलेला मुलूख समोर पसरलेला होता.

मोबाइलला कड्यावर चांगली रेंज होती. मुलीने आबांना फोन लावला. ते साडेअकरापासून गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते आणि आजी त्यांना टोपी घाला म्हणून ओरडत होती, तेही फोनमध्ये ऐकू येत होते. आरशाचा नेम धरायची युक्ती तिनेच काढली. डावा हात पुढे लांब करून दोन बोटांचा बेचका करायचा, त्या बेचक्यात धरणापलीकडची गावाची दिशा धरायची आणि आरशाची तिरीप आधी बोटांवर पाडून मग हळूहळू बेचक्यात आणायची. पहिली पाच मिनिटे आबा ‘काही नाही, काही नाही’ म्हणत होते. हात दुखू लागल्यावर चुलतभावाने तिच्या कोपराला आधार दिला. मामांना हा सगळा प्रकार एव्हाना आवडू लागला होता. ते मागे उभे राहून तिरीप कुठल्या झाडावर पडते ते सांगत होते. तिरीप थोडी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे सरकवता सरकवता एकदम फोनमधून आबांचा आवाज इतका मोठा आला की मुलीच्या हातून आरसा सुटता सुटता राहिला.

‘दिसलं! दिसलं ना वं! चांदणी चमकल्यावानी झालं!’

आणि मग बराच वेळ फोनमध्ये शांतता.

‘आबा?’

‘हो, हाओ, आयकून रायलो. पुन्हा कर बरं एकडाव.’

तिने पुन्हा केले. त्यांनी पुन्हा पाहिले. गड कुठला म्हणून चुलतभावाने फोन आपल्याकडे ओढून विचारले तेव्हा आबांनी उत्तर न देता जपून उतरा म्हटले आणि फोन ठेवला.

परतीच्या वाटेवर माझा गुडघा बोलू लागला. सपाट प्रदेशातल्या माणसाचे पाय चढाला नाही, उताराला दगा देतात, हे मला आधी कोणी सांगितले असते तर मीही काठी आणली असती. घळीपाशी मामांनी स्वतःची काठी मला दिली. चौकीवर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. वहीत परतीची वेळ लिहून प्लास्टिक मोजून दिले. तिथल्या माणसाने आरशाचे काय झाले ते आवर्जून विचारले, आणि दिसला म्हटल्यावर शेजारच्याला हाक मारून तेही सांगितले.

उरलेल्या वेळात चिखलदरा धावत पाहिला. भीमकुंडाच्या दरीत पावसाळ्यात धबधबा कोसळतो, डिसेंबरात कड्यावरून बारीक रेघ उतरत होती. भीमाने कीचकाला मारून याच दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, अशी कथा आहे. देवी पॉइंटला मात्र थांबावेच. खडकाच्या पोटात देवीचे ठाणे आहे, वरून पाणी झिरपत राहते आणि बाहेर आल्यावर केसांवर थेंब असतात. पंचबोल पॉइंटला मुलीने आबांच्या नावाने हाक मारली आणि दरीने ती परत केली. ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत त्यांनी दुसरा दिवस सेमाडोहला, सिपना नदीच्या काठी द्यावा किंवा मधाचे गाव म्हणून ओळखले जाणारे आमझरी पाहावे. एकाच दिवसात सगळे करू पाहणाऱ्याला गड नीट दिसत नाही. एका उपाहारगृहात आम्ही चिखलदऱ्याची म्हणून कॉफी मागितली. इथे कॉफीची लागवड आहे आणि मला मुलीला तेच दाखवायचे होते, पण आमच्यासमोरच पाकिटातली पूड कपात पडली. मोथ्याला गवळ्याकडून घेतलेल्या ताज्या, अजून कोमट असलेल्या खव्याने ती चव गेली. अर्धा किलो घेतला होता. घाट उतरेपर्यंत पाव उरला.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. आजीने खवा ताब्यात घेतला. आबा जेवून झोपले होते, किंवा झोपल्यासारखे पडले होते. मुलगी मोबाइलचा दिवा घेऊन गच्चीवर गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. उत्तरेच्या कठड्यावर, सिमेंटच्या गिलाव्यावर, कोळशाने जाड बाण काढलेला होता. आबांचा रोजचा सपाट डोंगर जिथे दिसतो तिथून तो चांगला चार हात डावीकडे होता आणि त्याच्याखाली, आबांच्या मोडीच्या वळणाच्या अक्षरात, वेळ लिहिली होती: 12 वाजून 9 मिनिटे.